उभी गाडी तापते

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचा पंखा चालू केला. देवळात गेलो, जुने फोटो बघत बसलो, असलं काही सांगता आलं असतं तर लोकांना ऐकायला बरं वाटलं असतं. पण तसं काही झालं नाही. भोगीचा दिवस होता. सकाळचे दहा वाजलेले, दिल्लीला लागून असलेल्या वैशालीतल्या आमच्या सोसायटीत खाली गाडी उभी, बॉनेट उघडं, आणि मी त्यात वाकलेलो. बायको ड्रायव्हरच्या सीटवर. अंगावर शाल, पायात मोजे, मांडीवर स्टीलचं ताट. भोगीच्या भाजीचे मटार सोलत ती इंजिनच्या गरमीच्या काट्यावर नजर ठेवून बसली होती.

"कुठंय काटा?"

"अर्ध्याच्या खाली. ही शेंग किडकी निघाली."

"शेंगेचं नको सांगू."

"मग सारखं विचारू नका. चढला की सांगीन ना."

दुसऱ्या दिवशी संक्रांत, आणि संक्रांतीला पानिपतला जायचं, लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला, हे तिनं दिवाळीपासून ठरवून ठेवलेलं. जायचं ते आपल्या गाडीनं. आणि आपली गाडी अशी, की चालती असेपर्यंत थंड, उभी राहिली की तापायची. हायवेला शंभर किलोमीटर पळवा, काटा हलायचा नाही. सिग्नलला पाच मिनिटं थांबा, लाल रेघेकडं धावायचा. दिल्लीहून पानिपतला जायचं म्हणजे निम्मा वेळ उभंच राहायचं असतं. तेव्हा त्या दिवशी ती तापायची थांबली तर जाणं, नाहीतर नाही. मुलानं तर दसऱ्यालाच सांगितलं होतं, "बाबा, संक्रांतीपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर भंगारात द्या." मीही रागात हो म्हणून बसलो होतो.

मी सातवी शिकलेला माणूस. साताऱ्याकडचा. एका सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून दिल्लीला आलो, चौतीस वर्षं साहेबांच्या गाड्या चालवल्या. चालवल्या म्हणतो, पण खरं म्हणजे उभ्या केल्या. साहेब मीटिंगला आत, आम्ही बाहेर. जूनच्या उन्हात इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, का तर साहेब आले की गाडी आतून गार पाहिजे. माझा अर्धा जन्म उभ्या गाडीत गेलाय. त्यामुळं गाडीचं कुणी मला शिकवायला आलं की माझं डोकं फिरायचं. बायकोनं शिकवायला येणं तर दूरच.

त्या चौतीस वर्षांत ती सरकारी गाडीत एकदाही बसली नाही. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून बाजाराला पायी जायची, पिशव्या घेऊन पायी यायची. एकदा तिला ताप होता, मी गाडी घेऊन दारात उभा, साहेबही म्हणाले घेऊन जा. ती म्हणाली, "नको. शेजारची बघतेय खिडकीतून." रिक्षानं गेली.

रिटायर झालो तेव्हा ही छोटी पांढरी गाडी घेतली. शोरूममधून आणली, खाली लावली, तिला हाक मारली. ती नवी साडी नेसून आली. आणि मी काय केलं असेल? पुढं होऊन मागचा डावा दरवाजा उघडला आणि धरून उभा राहिलो. सवय हो. साहेब तिथंच बसायचे. तीपण बसली. करोल बागपर्यंत मी पुढं, ती मागं. एकदाही मला उमगलं नाही. तिथं पोहोचल्यावर मी उतरून पुन्हा दरवाजा उघडला तेव्हा ती म्हणाली, "शाबास ड्रायव्हर. संध्याकाळी पाचला या." भर बाजारात हसत सुटली. परत येताना पुढं बसली आणि मग कधीच मागं बसली नाही.

पुढं बसली म्हणून काट्याकडं बघायची जबाबदारी तिच्याकडं आली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, रस्ता दिसायचा, आतलं बारीक काही दिसायचं नाही. "काटा?" असं मी म्हणायचं आणि तिनं सांगायचं. पहिली दहा वर्षं एकच उत्तर होतं, "अर्ध्याच्या खाली." मग एका मे महिन्यात, गाझीपूरच्या जाममध्ये, ती म्हणाली, "अहो, हा वर चाललाय."

गाडी तापली की जुने ड्रायव्हर एक उपाय करतात. आतला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनची गरमी थोडी आत येते, इंजिनला आराम पडतो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, खिडक्या उघड्या, आणि आत हीटर चालू. तिनं पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडं बघितलं, हीटरकडं बघितलं.

"मला भाजून खायचा विचार आहे का?"

"पाच मिनिटं सोस."

"शेजारच्या गाडीतली पोरं हसताहेत. त्यांना सांगा, आम्ही तंदुरी विकतो."

तेव्हापासून मी त्या गाडीच्या मागं लागलो. पाणी बदललं. रेडिएटर धुतला. झाकण नवीन बसवलं. एका मेकॅनिकनं पाण्याच्या वाटेतला वॉल्व्ह काढून टाकायला सांगितला, तो काढला. थंडीत इंजिन गरम व्हायला तास लागायला लागला म्हणून परत बसवला. पूर्वीच्या गाड्यांचा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरायचा, इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. ह्या गाडीला विजेचा पंखा. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला हा पंखा वारा घालतो. आणि आमचा पंखा फिरतच नव्हता. हे मला कळायला दोन उन्हाळे लागले, कारण विजेचं मला कधी जमलंच नाही. पान्याचं काम असेल तर मला सांगा. तारा बघितल्या की मी बॉनेट बंद करतो.

मधल्या एका संक्रांतीला आम्ही तसेच निघालो होतो. पानिपतच्या वाटेवर, मुरथलच्या अलीकडं जाममध्ये अडकलो, बॉनेटमधून वाफ आली, पाणी बाहेर. एका ढाब्यावर चार तास बसलो. तिच्याजवळ तिळगुळाचा डबा होता. तिनं तो गाडी ओढून न्यायला आलेल्या टोचनवाल्याला, ढाब्यावरच्या स्वयंपाक्याला, आजूबाजूच्या ट्रकवाल्यांना वाटला. त्यातला एक सरदार म्हणाला, "माताजी, ये किस खुशी में?" ती म्हणाली, "गाड़ी बंद पड़ी, इस खुशी में." परत आलो ते गाडीमागं बांधलेल्या गाडीत. पुढच्या वर्षी गेलोच नाही.

काला अंबला तिला काय होतं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तिच्या माहेरी सांगायचे की आपल्या घरातला एक जण त्या लढाईला गेला, परत आला नाही. नाव कुणाला माहीत नाही. दिल्लीला आल्यावर तिला कळलं की ती जागा इथून जवळ आहे. पहिल्या वर्षी आम्ही बसनं गेलो. मग दरवर्षी. संक्रांतीला तिथं महाराष्ट्रातून लोक येतात, फेटे, घोषणा, भाषणं. ती त्याआधी सकाळीच जायची. स्तंभाच्या कडेला चार तिळाच्या वड्या ठेवायची आणि तासभर गवतावर बसून राहायची. मी म्हणायचो, "अडीचशे वर्षं झाली. कोण खातंय तुझा तिळगूळ?" ती म्हणायची, "मुंग्या खातात. तुम्हाला काय करायचंय?"

मुलगा म्हणाला होता, आई, कॅब करून देतो. ती म्हणाली, "कॅबवाला बाहेर उभा राहून मोबाईल बघणार, आणि मला वाटत राहणार त्याचा खोळंबा होतोय. मला बसायचं असतं." म्हणून आपली गाडी.

भोगीच्या दोन दिवस आधी आम्ही मेट्रोनं करोल बागला गेलो. मला पंखा चालू करणारा स्विच घ्यायचा होता, तिला हळदीकुंकवाचं वाण. सोसायटीतल्या पंजाबी, बिहारी, बंगाली सगळ्या बायकांना ती दरवर्षी काहीतरी वाटायची. त्या वर्षी चहाच्या गाळण्या घेतल्या. मग पार्टच्या दुकानात. दुकानदार माझ्याच वयाचा. मी सगळं सांगितलं. पंख्याच्या दोन्ही तारा थेट बॅटरीला लावल्या तर पंखा जोरात फिरतो, गाडीत लावला तर फिरत नाही.

"तो स्विच गया, और क्या," तो म्हणाला.

मागून ती म्हणाली, "भैया, लाइट जलाते हैं तो सुई ऊपर भागती है."

हे ती मला गेल्या हिवाळ्यापासून सांगत होती. धुक्यात मी पुढचे दिवे लावले की काटा उडी मारतो. मी तिला दरवेळी एकच सांगायचो, तुझे डोळे उडी मारतात. दुकानदारानं तिच्याकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आंटी जी, लाइट का इंजन से क्या लेना-देना?" आणि हसला. मीपण त्याच्याबरोबर हसलो. ती गाळण्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन रस्त्याकडं बघत उभी राहिली.

तर भोगीची सकाळ. नवीन स्विच बसवला, इंजिन चालू ठेवलं, आणि वाट बघत बसलो.

"अर्धा," ती म्हणाली. मग म्हणाली, "अर्ध्याच्या वर." मग ताट बाजूला ठेवून, "अहो, पाऊण झाला."

पंखा ढिम्म. मी हात लावून बघितला, पातं थंड, वायर थंड. मी दुकानदाराला शिव्या घातल्या. तिला म्हणालो, बंद कर. तिनं इंजिन बंद केलं, पण किल्ली अर्धी चालूच ठेवली, आणि मला न विचारता पुढचे दिवे लावले.

"इकडं या."

"काय आहे?"

"या म्हणते ना. चष्मा लावून या."

मी गेलो, खिडकीतून डोकं घातलं. तिनं दिवे बंद केले, काटा खाली. लावले, काटा वर. बंद, खाली. लावले, वर. असं चार वेळा करून दाखवलं. मास्तरणीसारखं.

"आता माझे डोळे उडी मारताहेत का?"

मी तिथंच उभा राहिलो. दिवे लावल्यानं बंद इंजिन एका क्षणात तापत नाही आणि एका क्षणात थंडही होत नाही. म्हणजे ह्या वेळी काटा खोटं बोलत होता. काटा विजेवर चालतो. दिवे विजेवर. पंखाही विजेवर. तिघांनाही एकाच ठिकाणी काहीतरी अडत होतं. गाडीत वीज तारेनं येते आणि परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. मी पंखा तपासला तेव्हा दोन्ही तारा थेट बॅटरीला लावलेल्या. म्हणजे परतीची वाट मी तपासलीच नव्हती. चौतीस वर्षांचा ड्रायव्हर, आणि अर्धंच बघत होतो.

एक तार घेतली, बॅटरीपासून पंख्याच्या काळ्या तारेला टेकवली. पंखा फिरला. डाव्या दिव्याच्या मागं, खाली, एक बोल्ट होता. तीन काळ्या तारा त्याच्याखाली आवळलेल्या. बोल्ट गंजून गेला होता, तारांच्या टोकांना हिरवं चढलेलं. आमच्याच रेडिएटरमधून दोन वर्षं सांडलेलं पाणी तिथं साठत होतं. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तारा घासल्या, ग्रीस लावून आवळला.

"दिवे लाव."

"लावले. हलला नाही."

"इंजिन चालू कर."

मग आम्ही अर्धा तास थांबलो. तिनं उरलेले मटार सोलले. काटा अर्ध्याच्या जरा वर गेला आणि पंखा लागला. तसाच लागला, आपला आपण. काटा खाली आला, पंखा थांबला. ती म्हणाली अजून एकदा. पुन्हा झालं. ती म्हणाली अजून एकदा, पानिपत लांब आहे. तिसऱ्यांदाही झालं.

"आता त्या करोल बागवाल्याला जाऊन सांगा," ती म्हणाली.

"सांगीन."

"तुम्हीपण हसला होतात."

मी म्हणालो, "हात धुऊन येतो." एवढंच म्हणालो. तुझं बरोबर होतं, हे तीन शब्द मी म्हणालो नाही. म्हणणार होतो. मला वाटलं, उद्या मुरथलच्या जाममध्ये काटा हलला नाही की म्हणेन, तिथं शोभेल.

दुपारी भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. मटार, गाजर, वांगी, आणि इथं छोलिया म्हणून मिळतात ते ओले हरभरे. छान झाली होती, ते मात्र मी म्हणालो. तिनं तिळाच्या वड्या डब्यात भरल्या. म्हणाली, "सहाला निघू. धुकं असलं तरी निघू, आता दिव्यांची भीती नाही." आणि म्हणाली, जरा पडते. चार वाजता मी चहा केला, कप घेऊन गेलो. ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. त्यांना काय माहीत, असं मला अजून वाटतं. पण तसंच झालं असेल.

मुलगा तासाभरात गुडगावहून आला. मुलगी पुण्यात. तिला सकाळच्या पहिल्या विमानाचं तिकीट मिळालं. ठरलं की ती आल्यावर न्यायचं. आईचं तोंड तिला दिसलं पाहिजे.

सकाळी मी अंघोळ केली, गाडीची किल्ली घेतली. दारात मुलानं अडवलं.

"बाबा, कुठं?"

"एअरपोर्टला."

"मी कॅब लावलीय तिच्यासाठी."

"कॅन्सल कर."

"बाबा, काय बोलताय? ती गाडी धौला कुआँला जाममध्ये बंद पडली तर? ताई रस्त्यात, तुम्ही रस्त्यात, आणि आई इथं..."

"बंद नाही पडणार."

"कशावरून? परवापर्यंत तापत होती."

"तुझ्या आईनं तीनदा बघितलंय."

शेजारचे सरदारजी म्हणाले, भाईसाहब, मैं चलता हूँ साथ. मी नको म्हणालो. मी खरं सांगतो, माझी त्या घरात बसून राहायची ताकद नव्हती. पण तेवढंच नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिचा शब्द मेकॅनिकच्या शब्दावर कधी ठेवला नाही. ती म्हणाली होती गाडी नीट झाली. तर झाली. हे मानून मला एकदा ती चालवायची होती, आणि त्या दिवशी चूक निघाली असती तर मुलगी तिच्या आईला मुकली असती, हे मला कळत होतं. कळून निघालो.

धुकं दाट. दिवे लावले. गाझीपूरला उभे राहिलो, वीस मिनिटं. बाजूच्या सीटवर कुणी नव्हतं, म्हणून लाल सिग्नलला मी खाली वाकून, चष्मा पुढं-मागं करून काटा बघायचो. अर्ध्याच्या जरा वर. मग स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर यायची, पंखा लागल्याची, आणि काटा खाली. धौला कुआँलाही तसंच. विमान धुक्यामुळं दीड तास उशिरा. तिथं पोलीस उभं राहू देत नाहीत, मी फेऱ्या मारत राहिलो, रांगेत सरकत राहिलो.

मुलगी आली. मला बघून थांबली, मग गाडीत बसली आणि रडली. मी गाडी काढली. पुलावर पुन्हा जाम. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा, आई शेवटी काय म्हणाली?"

मी म्हणालो, "तुझ्या आईनं गाडीचा फॉल्ट काढला."

"बाबा, आत्ता हे नको ना."

"आत्ताच. घरी लोक असतील."

आणि मी तिला सगळं सांगितलं. स्विच, दुकानदार, मी हसलो ते, दिवे लावले की काटा वर, बोल्ट, हिरवी टोकं, तीनदा. सांगितलं की तिचं बरोबर होतं आणि मी तिला तसं म्हणालो नाही. मुलगी बाहेर धुक्यात बघत ऐकत होती. एकदा म्हणाली, "अर्थ म्हणजे काय?" ते पण समजावून सांगितलं. वैशालीपर्यंत मी बोलतच होतो. आयुष्यात एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो.

गेटवर वॉचमननं हात जोडले. खाली पंचवीस-तीस माणसं उभी होती, त्यांनी वाट दिली. मी गाडी जागेवर लावली, किल्ली काढली, मुलीची बॅग उचलली, आणि आम्ही वर गेलो.